सहलीचे ठिकाण कुणी ठरवावे ?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की महाविद्यालयाच्या आवारात एक विषय हमखास निघतो : यंदा सहल कुठे न्यायची ? कुणी गोवा म्हणतो, कुणी म्हैसूर-उटी, कुणी राजस्थान. वर्गात हात वर होतात, मोजले जातात, आणि ज्या नावामागे आवाज मोठा त्या नावावर शिक्कामोर्तब होते. मग ट्रॅव्हल्सवाल्याचा दर येतो. माणशी वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि तो पाहून वर्गातली बरीच मंडळी एकाएकी गप्प होतात. हात मोजणारे त्यांचे गप्प बसणे मोजत नाहीत. चार दिवसांनी नावे देणाऱ्यांची यादी लागते तेव्हा निम्मा वर्गही तिच्यात नसतो, आणि तरीही आपण अभिमानाने म्हणतो की वर्गाची सहल गेली.

ही तक्रार कुणा एका महाविद्यालयाची नव्हे. जळगाव काय किंवा धुळे काय, थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच प्रकार चालतो. "सहल ही चैन आहे, परवडेल त्याने यावे," असे म्हणणारेही भेटतात. सिनेमाला जाण्याच्या बाबतीत हे म्हणणे ठीक आहे. पण जी गोष्ट महाविद्यालयाच्या नावाने होते, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होते, जिच्यासाठी तासिका बंद राहतात आणि जिला आपण स्वतःच 'शैक्षणिक' हे विशेषण लावतो, ती चैन कशी ? ग्रंथालय परवडेल त्यालाच उघडे, असे आपण म्हणत नाही. मग सहलीच्या बाबतीत का म्हणावे ?

माझे म्हणणे थोडक्यात असे : सहल कुठे न्यायची हे येणारच असलेल्यांच्या आवडीवरून ठरू नये, ते येऊ न शकणाऱ्यांच्या अडचणीवरून ठरावे. आधी माणसे, मग दिवस, मग पैसा आणि सर्वांत शेवटी ठिकाण, असा क्रम असावा. आपण नेमके उलट करतो. आधी ठिकाण धरतो आणि मग माणसे गाळत जातो.

या बाबतीत एका अगदी परक्या खेळाचा दाखला द्यावासा वाटतो. गोल्फ हा काही खानदेशचा खेळ नव्हे. आपण कुस्ती-कबड्डी-खो-खोवाले, फार तर गल्लीतले क्रिकेटवाले. पण वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हल्ली परदेशी गोल्फ-सहलींच्या जाहिराती दिसतात : थायलंड, दुबई, स्कॉटलंड. आठ-दहा जणांचा गट जातो आणि आठवड्याभरात चार-पाच मैदानांवर खेळून येतो. श्रीमंतांचा हा खेळ, श्रीमंतांची ही सहल. तिच्याकडून आपण काय शिकायचे, असा प्रश्न साहजिक आहे. पण मैदाने निवडण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे.

अशा गटात एक जण वीस वर्षे खेळलेला असतो, तर दुसऱ्याने गेल्याच वर्षी काठी हातात धरलेली असते. गट नेणाऱ्याने केवळ नाव पाहून जगप्रसिद्ध, अवघड मैदाने निवडली, जिथे वाटेत पाणी, वाळूचे खड्डे आणि गवताचे रान, तर नवखा दिवसभर चेंडूच शोधत राहतो. त्याच्यामुळे मागचे खोळंबतात, त्याला शरम वाटते, त्यांना राग येतो, आणि तिसऱ्या दिवशी गटाचे दोन गट होतात. म्हणून जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा की, आपल्यात सर्वांत कच्चा खेळाडू कोण ? मग विमानाच्या प्रवासाने अंग आंबलेले असते म्हणून पहिल्या दिवशी सोपे मैदान, मधल्या एखाद्या दिवशी ते नावाजलेले अवघड मैदान, मुक्कामापासून मैदान फार दूर नाही ना याची चौकशी, आणि एक दिवस मुद्दाम मोकळा. सगळीच मैदाने प्रसिद्ध घेतली तर सहल होत नाही, दमणूक होते, हे त्यांना ठाऊक असते.

या खेळाच्या नियमांतच एक मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. ज्याला अठराचा हँडिकॅप आहे त्याच्या एकूण फटक्यांतून, ढोबळमानाने सांगायचे तर, अठरा वजा करून हिशेब मांडतात. त्यामुळे कच्चा आणि पक्का खेळाडू एकाच मैदानावर बरोबरीने खेळू शकतात. २०२० साली जगभर एक पद्धत लागू झाली तिच्यात ही सवलत ५४ पर्यंत जाते. यात कच्च्यावर कुणी दया करीत नाही. त्याला वगळून खेळ होत नाही, म्हणून त्याची सोय नियमातच करून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजची. तिथला 'ओल्ड कोर्स' हा या खेळाच्या जगात पंढरपूरच मानला जातो. पण ती जमीन कुणा धनिकाची खाजगी नाही, सार्वजनिक आहे. एरवीच्या रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावची माणसे मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात. खेळण्याच्या पाळ्यांचा एक भाग सोडत काढून वाटला जातो. जगात सर्वांत मोठे नाव असलेल्या जागेने गावाचा रविवार राखून ठेवला आहे, आणि आपल्या चाळीस जणांच्या सहलीला वर्गातल्या मागच्या बाकाची आठवण राहत नाही.

आता आपल्या वर्गातला कच्चा खेळाडू कोण, ते पाहू. तो एक नाही, चार-पाच प्रकारचा आहे.

पहिला अर्थात पैशाचा. सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. खानदेशात हा कपाशीच्या वेचणीचा काळ. घरात कापूस असतो, पण पैसा नसतो. भाव चढेल या आशेने कापूस माजघरात भरून ठेवलेला असतो आणि माणसे अंगणात निजतात. वेचणीच्या मजुरीला रोख लागते. अशा वेळी चार-पाच हजारांची वर्गणी मागायला मुलगा बापापुढे उभाच राहत नाही. तो वर्गात येऊन सांगतो, "मला गाडी लागते." गाडी खरोखर लागणारेही असतात, पण ज्यांना डिसेंबरातच लागते असे जास्त.

दुसरी अडचण मुलींची. खेड्यातून एस.टी.च्या पासावर रोज येणाऱ्या मुलीला दिवसाच्या सहलीची परवानगी मिळते. चार मुक्कामांची मिळत नाही. आपल्याला हे आवडो न आवडो, आजची वस्तुस्थिती ही आहे. मुक्काम वाढले की यादीतल्या मुली कमी होतात, हे गणित कुणीही आपल्या वर्गाच्या जुन्या याद्या काढून तपासावे. तिसरा आहे तो काम करून शिकणारा : पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, संध्याकाळी दुकानात बसणारा, रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरणारा. त्याला एक दिवस सुटी मिळते, सहा दिवस मिळत नाही. चौथा ज्याला चालण्याची अडचण आहे तो. किल्ला आणि लेणी म्हटले की तो आपले नाव आपणच खोडून टाकतो, आणि सगळ्या पायऱ्या चढण्याची गरज नसते हे त्याला कुणी सांगत नाही.

आणि या सर्वांच्या वरचा प्रश्न जिवाचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. तेव्हापासून सहलीची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, अटी हे सगळे वाढले, आणि ते योग्यच आहे. पण कागद वाढल्याने पोहता येत नाही. नदीकाठच्या खेड्यातली काही मुले सोडली तर आपल्यातल्या बहुतेकांना पाणी फक्त टँकरचे आणि नळाचे माहीत. भरती-ओहोटी म्हणजे काय हे भूगोलात मार्कांपुरते वाचलेले. अशा गटाला समुद्र दाखवायचा तर कुठला किनारा, किती वाजता, पाण्यात किती पावलांपर्यंत, हे आधी ठरले पाहिजे. ठिकाण निवडणे याचा अर्थ नुसते नाव निवडणे नव्हे. त्या ठिकाणी आपला सर्वांत अजाण सोबती काय करील, याचा विचार करणे हा आहे.

इतके सगळे ध्यानात घेतले की नकाशावर कंपासची टोके आपोआप जवळ येतात. आणि जवळ पाहू लागलो की लक्षात येते, आपण कुठल्या मुलखात राहतो हेच आपल्याला धड माहीत नाही. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचा आजचा जळगाव, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. या तीन जिल्ह्यांत कला शाखेच्या विद्यार्थ्याला एका दिवसात पाहून परत येता येईल असे किती आहे, याची यादी एकदा फळ्यावर लिहून पाहावी.

मराठीचा वर्ग असेल तर त्याने धरणगाव, आसोदे आणि अमळनेर एवढेच करावे. धरणगावला १८९० साली बालकवी जन्मले आणि १९१८ साली भादली स्टेशनात गाडीखाली त्यांचा अंत झाला. भुसावळ-जळगाव पॅसेंजरने कॉलेजला येणारी आपली मंडळी ते स्टेशन रोज ओलांडतात. किती जण खिडकीतून बाहेर पाहतात? आसोदे हे बहिणाबाईंचे माहेर. ज्यांच्या नावाने २०१८ पासून आपले विद्यापीठ ओळखले जाते, त्यांचे गाव जळगावच्या वेशीवर आहे. अमळनेरला साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शाळेत शिकवले. तिथेच १९१६ साली प्रताप शेठजींच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, ते या सगळ्या वारशामुळेच. आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही सांगण्यासारखे आहे : आज संगणकाच्या धंद्यात जगभर पसरलेली विप्रो ही कंपनी १९४५ साली याच गावी वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली.

इतिहासाच्या वर्गाने धुळ्याला जावे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव फिरून गोळा करणारे आणि ती बावीस खंडांत छापणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला वारले, आणि त्यांनी जमवलेले दप्तर सांभाळण्यासाठी लगोलग १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या समर्थ आणि संतवाङ्मयाच्या हस्तलिखितांचे समर्थ वाग्देवता मंदिर आहे. त्याच शहराच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. शहरापासून दहाएक किलोमीटरवर आग्रा रोडला लागून लळिंगचा किल्ला आहे. तापीकाठी शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे, जिथे फारुकी राजांच्या कबरी आहेत. 'खानदेश' या नावाची चर्चा परीक्षेत पाच मार्कांना विचारतात. थाळनेरला उभे राहिल्यावर ती पाच मार्कांची राहत नाही.

चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. सह्याद्रीच्या कुशीतले हे रान आज गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात मोडते. देवीच्या दर्शनाला आपण सगळे जातो, पण गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दान दिल्याचा शिलालेख पाटणला आहे, हे बहुतेकांच्या गावी नसते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून १२०७ साली इथे मठ चालवला जात होता. म्हणजे हेही एका अर्थाने महाविद्यालयच. तो लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. चाळीसगाव शहरातच केकी मूस यांचे घर आहे. छायाचित्रकलेत मोठे नाव असलेला हा माणूस वर्षानुवर्षे घराचा उंबरा न ओलांडता, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून चित्रे उभी करीत राहिला. सहलीचा अर्थ दूर जाणे एवढाच समजणाऱ्यांनी त्या घरी घटकाभर जरूर थांबावे.

पूर्वेकडे मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचे हेमाडपंती देऊळ, तिकडेच मुक्ताईचे स्थान. यावल तालुक्यात फैजपूर : डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथले. अध्यक्ष पंडित नेहरू, मंडपाच्या सजावटीला शांतिनिकेतनचे नंदलाल बोस. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ही एक ओळ असते आणि आपल्यातले कित्येक जण त्या ओळीतल्या गावाहून रोज डबा घेऊन येतात.

राहिला अजिंठा. जळगावहून साठ किलोमीटर. "तो तर शाळेत असतानाच पाहिला," असे सगळे म्हणतात. पाहिला म्हणजे काय ? रांगेने एका लेण्यातून दुसऱ्यात धावलो, अंधारात काही दिसले नाही, बाहेर येऊन काकडी खाल्ली. अजिंठ्याला जाऊन सगळी लेणी पाहायचा हट्ट सोडावा. पाचच घ्यावीत. दहाव्या लेण्यातला प्राचीन चैत्य, जिथे १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर आपले नाव कोरून ठेवले. पहिल्यातला पद्मपाणी. सोळाव्यातला वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख. सतराव्यातली चित्रे. सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. ज्याला चालवत नाही त्याने पहिल्या दोन लेण्यांतच निवांत बसावे. त्याची सहल अपुरी होत नाही. आणि परतताना एक गोष्ट सांगावी : ज्या मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे या चित्रांच्या प्रती काढल्या आणि ज्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तो १८७९ साली भुसावळला वारला आणि तिथेच त्याला पुरले. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेतला गिल तो हाच. मात्र सोमवारी लेणी बंद असतात, एवढे नेणाऱ्याने विसरू नये. वाराची चौकशी न करता निघालेली सहल फर्दापूरहून परत फिरते.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो जोरदार आहे. "तुमचे म्हणणे वरवर गरिबांच्या बाजूचे दिसते, पण ते गरिबांच्याच विरुद्ध आहे. ज्याच्या बापाकडे मोटार आहे तो गोव्याला केव्हाही जाईल. ज्याने समुद्र पाहिलाच नाही, आगगाडीत रात्र काढलीच नाही, दुसऱ्या भाषेचा मुलूख पाहिलाच नाही, त्याला ही एकच संधी असते. तीही काढून घेऊन तुम्ही त्याला लळिंग आणि चांगदेव दाखवणार ? ते तर त्याच्या घरचेच !"

हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच लांबची सहल बंद करा असे मी म्हणत नाही. देशाटनाने शहाणपण येते ही गोष्ट शाळेत आर्या पाठ करताना आपण शिकलो आणि ती खोटी नाही. आपल्या बोलीवर हसणारा, आपल्या शेवभाजीच्या तिखटाने घाबरणारा मुलूख पाहिल्याशिवाय आपण कोण हे कळत नाही. खेड्यातल्या मुलाला समुद्र दाखवलाच पाहिजे. पण आज ज्याच्या नावाने हा युक्तिवाद केला जातो तो मुलगा त्या गाडीत नसतो, हीच तर माझी तक्रार आहे. समुद्र पाहिलेलेच पुन्हा समुद्राला जातात.

तेव्हा यावर तोड अशी. पदवीच्या तीन वर्षांत दोन सहली जवळच्या, एका दिवसाच्या, डबा बांधून जाण्याच्या. आणि लांबची एकच, शेवटच्या वर्षी. या लांबच्या सहलीची वर्गणी शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात एकदम न मागता पहिल्या वर्षापासून भिशीसारखी महिन्याला थोडी थोडी जमा करावी. खानदेशात भिशी कशी चालवायची हे कुणाला शिकवावे लागत नाही. आपल्या आया-मावश्या त्यात प्राध्यापकांच्याही प्राध्यापक आहेत. हिशेब वर्गाच्या दोन मुलींकडे द्यावा, दर महिन्याला फलकावर लागावा आणि मध्येच शिक्षण सुटले तर पैसे परत मिळावेत. म्हणजे कपाशीचा भाव पडला तरी सहल पडत नाही.

दुसरे, ठिकाण ठरवण्याआधी प्रत्येकाकडून नाव न घालता एक चिठ्ठी घ्यावी. तिच्यावर दोनच गोष्टी : मला किती रुपये झेपतील आणि घरून किती मुक्कामांची परवानगी मिळेल. चिठ्ठ्या उघडल्यावर मधला आकडा धरू नये, खालचा धरावा. मग त्या पैशात आणि तेवढ्या दिवसांत बसतील अशीच ठिकाणे मतदानाला ठेवावीत. मतदानाला माझा विरोध नाही. पण ज्या दुकानातल्या वस्तू निम्म्यांना घेताच येत नाहीत तिथे पसंती विचारणे ही थट्टा होते. खालच्या आकड्यालाही न पोचणारे दोघे-तिघे राहतील. त्यांच्यासाठी एक बंद पेटी ठेवावी. ज्याला जास्त देता येईल त्याने गुपचूप टाकावे आणि कुणाला किती मिळाले हे एका प्राध्यापकाखेरीज कुणाला कळू नये. हाच आपला हँडिकॅप. त्याचे जाहीर कौतुक सुरू झाले की घेणारा पुढच्या वर्षी येत नाही.

तिसरे, ट्रॅव्हल्सवाल्याने आखून दिलेली सहल घेण्याची सवय सोडावी. त्याच्या कागदावर 'सात दिवसांत अकरा ठिकाणे' असे असते. त्यातली तीन दुकाने असतात, दोन रात्रीच्या अंधारात येतात आणि उरलेल्या सहांवर 'बाहेरून दर्शन' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. एस.टी. महामंडळाच्या गाड्या प्रासंगिक करारावर मिळतात आणि शैक्षणिक सहलीला सवलतही आहे. खटपट जास्त, अर्ज दोन जास्त. पण कुठे थांबायचे हे आपल्या हातात राहते. दिवसाला एक मोठे ठिकाण, एक लहान, आणि दोन तास काहीच नाही. त्या दोन तासांतच मैत्री होते, हे अनुभवी प्राध्यापक खाजगीत कबूल करतात.

चौथे, ठिकाण ठरले की ते वाटून घ्यावे. प्रत्येक जागेची माहिती एका विद्यार्थ्याने आधी वाचून यावी आणि तिथे उभे राहून दहा मिनिटे सांगावी. राजवाड्यांवर बोलणारा धुळ्याच्या मंडळात जाऊन आधी चार कागद पाहून येईल. पाटणवर बोलणारी गणिताच्या प्राध्यापकांचे डोके खाईल. ज्या गावी जाऊ तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीकडून अहिराणीतली किंवा लेवा बोलीतली चार गाणी, दहा शब्द, शेतांची नावे उतरवून आणावीत. मग आपल्या या वार्षिकांकाचेही भले होईल. सध्या दर वर्षी त्यात एक प्रवासवर्णन असते. गणपतीच्या जयघोषात पहाटे पाच वाजता गाडी सुटते, अंताक्षरी रंगते, अमुक सरांनी कधी नव्हे ते गाणे म्हटलेले असते, आणि शेवटी जड अंतःकरणाने सर्व जण परततात. पाहिलेल्या ठिकाणाबद्दल त्यात दोन ओळी असतात आणि त्या फलकावरून उतरवलेल्या असतात. ते लेख लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना पाहायला वेळच दिलेला नसतो.

प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती. सहलीची जबाबदारी शेवटी तुमच्या डोक्यावर असते आणि म्हणून ओळखीचे ठिकाण, ओळखीचा ट्रॅव्हल्सवाला तुम्हाला बरा वाटतो, हे आम्ही समजू शकतो. पण चाळीस मुलांना हजार किलोमीटर नेण्यापेक्षा ऐंशी मुलांना साठ किलोमीटर नेणे कमी जोखमीचे आहे. शिवाय ज्याच्याबरोबर आपण अमळनेरला जाऊन आलो, त्याला लांबच्या सहलीत कितपत मोकळे सोडता येईल हे तुम्हाला आधीच कळलेले असेल. जवळची सहल ही लांबच्या सहलीची तालीमच आहे.

आणि मित्रहो, तुम्हाला एवढेच. सहलीहून परतल्यावर खर्चाचा ताळेबंद फलकावर लागतो : गाडीभाडे इतके, जेवण इतके, शिल्लक इतकी. यापुढे त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिण्याचा आग्रह धरा : वर्गाचा पट इतका, सहलीला आले इतके. ठिकाण चांगले निवडले होते की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कुणालाही सांगता येईल.